ऊन पाण्याची नळी कोरडी राखा

रोहा तालुक्यातील कोलाड हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, कुंडलिका नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. मुळशी जलाशयाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून खाली सोडले जाते व ते या नदीस मिळते. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. या पाण्याने येथील भातशेतीस कालव्यांच्या द्वारे ओलीत मिळाले आणि अलीकडील वर्षांत त्याच प्रवाहावर नौकानयनासाठी शहरांतील मंडळी येऊ लागली. त्यामुळे परिसरातील शेतकरी कुटुंबांस घरी पाहुणे ठेवून चार पैसे मिळविण्याची संधी लाभली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले.

पाहुणा आला म्हणजे सकाळी त्याला स्नानासाठी ऊन पाणी द्यावे लागते. घरी दुभती जनावरे असल्यास दुधाची भांडी धुण्यासाठीही ते हवे असते. सरपण हाताशी असल्याने पुष्कळ ठिकाणी यासाठी लाकडावर चालणारा मोठा बंब बसविणे सोयीचे वाटते. धुराचा त्रास नको म्हणून बंब घरापासून दूर उभारला जातो आणि तेथून न्हाणीपर्यंत पाण्याची नळी जमिनीत पुरून नेली जाते. मग बंबाशी कढत असलेले पाणी तोटीशी कोमट का येते, हा प्रश्न उभा राहतो. त्यावर उपाय म्हणून आणखी लाकूड घातले जाते. वस्तुतः दोष बंबाचा नसून नळीचा असतो.

उष्णता कोठे जाते?

पालीजवळ उन्हेरे येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. ते पाहिले असता जमीन उष्णता सांभाळून ठेवते, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ते पाणी खोलवरच्या तापलेल्या खडकांतून अखंड वर येत असते. वीतदीड हात खोल चरातील मातीची गोष्ट निराळी आहे.

कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते आणि हवा उष्णतेची वाहक म्हणून फार मंद आहे. थंडीत गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळेच. तीच गोधडी भिजली तर अंगावर घेऊन उपयोग नाही. मातीचेही तसेच आहे. पावसाने कणांमधील हवा जाऊन तेथे पाणी शिरले की तीच माती कोरड्या मातीच्या चार-पाच पट वेगाने उष्णता ओढून घेते. रायगड जिल्ह्यात वर्षास सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. शिवाय ज्या शिवारात कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेतले जाते, तेथील जमीन पावसाळा संपल्यावरही ओलीच राहते. म्हणून या भागात उघडी नळी जमिनीत पुरणे हे ऊन पाणी ओल्या फडक्यात गुंडाळण्यासारखे आहे.

लाकडाचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेस एक किलोकॅलरी म्हणतात. या मापाने एक अंदाजी हिशेब करून पाहू. एक इंची लोखंडी नळी ३० मीटर लांब असून ती ओल्या जमिनीत दीड फूट खोल पुरली आहे. आतील पाणी ५५ अंशांचे व माती २५ अंशांची आहे, असे धरू. अशी नळी सतत गरम ठेवल्यास दर तासास सुमारे २२०० किलोकॅलरी उष्णता मातीत जाते. तीच माती कोरडी असती तर सुमारे ५०० किलोकॅलरी गेली असती. आणि नळीभोवती एक इंच जाडीचे चांगले, कोरडे उष्णतारोधक वेष्टन असल्यास ओल्या जमिनीतही हे नुकसान सुमारे २०० किलोकॅलरींवर येते.

वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ३५०० किलोकॅलरी उष्णता निघते. साध्या बंबात तिचा एक तृतीयांश भाग पाण्यास मिळतो असे धरले, तर उघड्या नळीपायी तासास जवळजवळ दोन किलो लाकूड केवळ माती तापविण्यात जळते. सकाळी तीन तास नळी गरम ठेवल्यास साडेपाच किलो. वेष्टन केलेल्या नळीस तेवढ्याच वेळात अर्धा किलो पुरते. पाहुण्यांचे दिवस वर्षास शंभर धरले तरी अर्धा टन लाकूड वाचते. एक मोळी २० ते २५ किलोची धरली, तर या वीस-पंचवीस मोळ्या झाल्या. त्या बहुधा घरातील स्त्रियांच्या डोक्यावरून डोंगर उतरून येतात, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबाचे खरे मोल कळते.

बंब जवळ आणावा, नळी वरून न्यावी

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. नवीन बंब बसविताना तो न्हाणीच्या शक्य तितक्या जवळ, परंतु वाऱ्याची दिशा पाहून धूर घरात येणार नाही अशा बाजूस बसवावा. अंतर निम्मे झाले की नुकसानही निम्मे होते.

दुसरा विचार नळी पुरण्याविषयीच करावयास हवा. अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात घराबाहेर लाकडाची भट्टी ठेवून जमिनीखालील नळ्यांनी घर ऊबदार राखण्याची पद्धत आहे. तेथे हिवाळ्यात जमिनीचा वरचा थर गोठतो. नळीतील पाणी गोठून ती फुटू नये यासाठी नळी खोल पुरणे तेथे भाग पडते. कोकणात पाणी कधी गोठत नाही. मग ती रीत येथे उचलण्याचे कारण काय? पडवीच्या वळचणीखालून, भिंतीच्या कडेने किंवा खांबांवरून नळी नेता आली तर तशीच न्यावी. ती कोरडी राहते, गळती तात्काळ दिसते आणि दुरुस्तीसाठी खणावे लागत नाही. मात्र वेष्टन वरून नेलेल्या नळीसही हवेच. त्यावर ऊन व पाऊस यांपासून संरक्षण म्हणून पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण घालावे.

पुरणे अटळ असल्यास

वाट, अंगण किंवा गाडीरस्ता ओलांडावयाचा असल्यास नळी पुरावी लागते. त्या वेळी पुढील काळजी घ्यावी.

(१) चर उंचवट्याच्या बाजूने आखावा. खाचराच्या बांधाजवळून किंवा पागोळ्या पडतात तेथून तो नेऊ नये.

(२) चर दीड फूट खोल पुरे. मात्र वरून गाडी जात असल्यास दोन फूट घ्यावा. तळास एका बाजूस उतार द्यावा, वीतभर जांभ्याचे तुकडे किंवा खडी घालावी आणि उताराच्या टोकास पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी.

(३) नळी ऊन पाण्यासाठी बनविलेली असावी. लोखंडी किंवा सीपीव्हीसी नळी चालते. थंड पाण्याची साधी पीव्हीसी नळी उष्णतेने मऊ पडते.

(४) नळीवर बंद छिद्रांच्या फोमचे किमान एक इंच जाडीचे वेष्टन चढवावे. सांधे डिंकाने व चिकटपट्टीने पुरते बंद करावेत. जाणारी व परतणारी अशा दोन नळ्या असल्यास प्रत्येकीस स्वतंत्र वेष्टन द्यावे.

(५) वेष्टनासह नळी ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपातून ओवावी. या बाहेरील पाइपाची दोन्ही टोके जमिनीवर वीतभर उचलून घेऊन बंद करावीत.

(६) चर बुजविण्यापूर्वी नळी पाण्याने भरून एक दिवस ठेवावी व प्रत्येक सांधा तपासावा.

भाताचे तूस किंवा पेंढा चरात भरण्याचा मोह होईल. कोरडे तूस उत्तम उष्णतारोधक आहे खरे; परंतु जमिनीत ते भिजते, कुजते आणि वाळवीस आमंत्रण देते. भिजलेले वेष्टन नसल्यासारखेच होय. तुसाचा उपयोग छपराखाली करावा. बंबाशेजारील ऊन पाण्याच्या टाकीभोवती पेटी करून तीत चार बोटे तूस भरल्यास पाणी दीर्घकाळ ऊन राहते. जाळापासून मात्र ते दूर असावे.

नळी किती रुंद असावी?

रुंद नळी चांगली, असा साधारण समज आहे. ऊन पाण्याच्या बाबतीत तो महागात पडतो. ३० मीटर लांबीच्या एक इंची नळीत सुमारे १७ लिटर पाणी मावते, अर्धा इंची नळीत सुमारे ६ लिटर. तोटी बंद केल्यावर हे पाणी नळीतच थांबून निवते आणि पुढील माणूस ते ओतून टाकतो. ओल्या मातीतील उघड्या नळीत ते वीस-पंचवीस मिनिटांत कोमट होते. वेष्टन असल्यास दोन तासांनीही ४० अंशांच्या वर राहते. टाकी तोटीहून ३ मीटर उंच असेल, तर अर्धा इंची नळीतून मिनिटास ८ ते १० लिटर पाणी मिळते व एका न्हाणीस ते पुरते.

वेष्टनाने काय साधते याचे मोठे उदाहरण आइसलंडचे आहे. तेथील नेस्याव्हेत्लिर केंद्रातून १९९० पासून २७ किलोमीटर लांबीच्या नळातून राजधानी रेक्याविक येथे ऊन पाणी नेले जाते आणि वाटेत ते केवळ दोनेक अंशांनी निवते. प्रवाह मोठा व अखंड असल्याचा त्यात भाग आहे. पण जाड व कोरड्या वेष्टनाविना बर्फाळ प्रदेशात हे घडते ना.

एक इशारा द्यावयास हवा. उष्णता वाचविण्याच्या भरात बंबाची वाफ जाण्याची मोकळी नळी कधीही बंद करू नये. कोंडलेल्या वाफेने बंब फुटून प्राणहानी होऊ शकते.

परीक्षा घरच्या घरी

नळीत किती उष्णता जाते हे पाहण्यास एक तापमापक, एक बादली व घड्याळ पुरते. पाणी काही वेळ वाहू दिल्यावर बंबाशी व तोटीशी तापमान मोजावे. बादली भरण्यास लागणाऱ्या वेळेवरून मिनिटास किती लिटर पाणी येते ते काढावे. लिटरांस तापमानातील फरकाने गुणले की मिनिटास वाया जाणाऱ्या किलोकॅलरी मिळतात. उदाहरणार्थ, ८ लिटर व ५ अंश म्हणजे मिनिटास ४०, तासास २४०० किलोकॅलरी. ही परीक्षा एकदा मे महिन्यात व एकदा भर पावसात करावी. दोन्ही वेळी फरक सारखाच व अल्प आला तर नळी कोरडी आहे. पावसात तो पुष्कळ वाढला तर वेष्टनात पाणी शिरले आहे असे समजावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील एका बंबावर हा प्रयोग घरातील स्त्रियांच्या समक्ष करून दाखवावा. तोटीशी आलेले अंश आणि वाचलेल्या मोळ्या या दोन गोष्टी डोळ्यांनी दिसल्या म्हणजे अधिक सांगावे लागणार नाही. लाकूड डोंगरावर वाढण्यास वर्षे लागतात. ते ओल्या मातीस ऊब देण्यात खर्ची पडू नये.