नोंद कोणाच्या नावावर?

शाळेचा पट असो, ग्रामपंचायतीचा दाखला असो वा कोषागारातील देयक असो, कामकाजाचा मोठा भाग आता संगणकावरून चालतो. कागदावर नोंदीखाली सही असे. संगणकात मात्र ज्याच्या नावाने प्रवेश झाला, त्याच्याच नावावर नोंद जमा होते. म्हणून हा प्रवेश, म्हणजेच लॉगिन, कसा पारखला जातो हे प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे. कार्यालयीन कामाच्या अनेक प्रणाली जावा या संगणकभाषेत लिहिल्या जातात. त्यांतील व्यवस्था येथे पाहू.

परवलीचा शब्द

परवलीचा शब्द आहे तसा साठवून ठेवणे धोक्याचे असते. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सामाईक संगणकावर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसली! यासाठी शब्दात प्रत्येकागणिक वेगळी अक्षरे मिसळून, एकतर्फी गणिती प्रक्रियेने त्याचे रूप बदलतात व तेवढेच साठवतात. १९९९ साली मांडलेली बीक्रिप्ट ही अशीच एक पद्धती होय. ती हेतुपुरस्सर संथ ठेवलेली असल्याने अंदाजाने शब्द शोधणे दुष्कर होते.

सत्राचा बिल्ला

संकेतस्थळे ज्या एचटीटीपी नियमांनी चालतात, त्यांत मागील विनंतीची आठवण राहत नाही. म्हणून शब्द जुळताच जावाची सर्व्हलेट यंत्रणा सत्र, म्हणजे सेशन, उघडते आणि ब्राउझरला जेसेशनआयडी नावाचा क्रमांक देते. सत्राचा तपशील सर्व्हरवरच राहतो. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर केवळ क्रमांकाचा बिल्ला दाखवतो. दारावरील फिल्टर हा बिल्ला तपासतो. मात्र बिल्ला खरा असला, तरी त्या व्यक्तीस ते काम करण्याचा अधिकार आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावेच लागते.

दक्षता

बिल्ला ज्याच्या हाती, त्याला परवलीचा शब्द कोणी विचारत नाही. आधीच कोणी ठाऊक करून घेतलेला क्रमांक निरुपयोगी व्हावा, यासाठी प्रवेश होताच तो बदलावा. २०१३ च्या सर्व्हलेट ३.१ पासून ही सोय उपलब्ध आहे. क्रमांक सांकेतिक जोडणीवरूनच जावा आणि पानावरील स्क्रिप्टला तो वाचता येऊ नये, अशी बंधनेही घालता येतात. टॉमकॅट सर्व्हरवर मूळ मांडणीनुसार ३० मिनिटे काम न झाल्यास सत्र संपते.

परंतु खुर्चीवर कोण बसले आहे, हे यंत्राला दिसत नाही. केवळ खिडकी बंद केल्याने सर्व्हरवरील सत्र संपत नाही. ‘बाहेर पडा’ हे बटण दाबल्यावर ते रद्द होते. जागेवरून उठताना ते दाबणे म्हणजे आपली सही आपल्याच हाती राखणे होय.