खेळ ग्रंथालयात ठेवायचे म्हणजे काय?

कबनूर-इचलकरंजीकडच्या वाचकांना माग समजावून सांगायला नको. जकार्डवर नक्षी काढायची तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागते. नक्षी त्या पुठ्ठ्यांत असते खरी. पण मागच भंगारात गेला, तर पुठ्ठे जपून काय उपयोग? मुले ज्यांना व्हिडिओ गेम म्हणतात त्या खेळांचे अगदी असेच आहे.

आता कोणी म्हणेल, पोरांचे हे खूळ विद्यापीठाच्या ग्रंथालयात कशाला? तमाशाच्या वगांबद्दलही शहाणी माणसे एके काळी असेच म्हणत, आणि लिहून न ठेवल्यामुळे कितीतरी वग विरून गेले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. उद्या कोणा विद्यार्थ्याला त्यावर प्रबंध लिहायचा झाला, तर वर्णन वाचून भागणार नाही. खेळून पाहावे लागेल.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने २००८ साली खेळांचा संग्रह उघडला, तो नेमका खेळून पाहण्यासाठीच. तेथे खेळांबरोबर जुनी यंत्रेही जतन केली आहेत. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला यंत्र जोडून, त्यात ‘कॅसेट’ खोचून मुले बंदुकीने बदके मारीत. ती बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चालते; आजच्या सपाट पडद्यावर नेम लागतच नाही. म्हणजे बदके जपायची तर अवजड टीव्हीही जपणे आले, आणि तो दुरुस्त करणारा माणूसही! काही कॅसेटींच्या पोटात छोटी बॅटरी असते. ती संपली, की खेळाडूने राखलेली प्रगती पुसली जाते.

बरे, नवे खेळ तरी सुरक्षित असावेत? तेही नाही. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ. मार्च २०२४ मध्ये कंपनीने आपल्याकडील सर्व्हर बंद केले, आणि पैसे मोजून घेतलेली तबकडी लोकांच्या हातात नुसती राहिली. २०२३ मधील एका अमेरिकन पाहणीत तर असे आढळले, की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात सरळ विकत मिळत नाहीत.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे धाडावी लागते; पुढे वृत्तपत्रेही त्यात आली. खेळ त्यात नाहीत. ते कोणीतरी मुद्दाम गोळा करावे लागतात. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हे काम उद्या अंगावर घ्यायचे म्हटले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा थोडा आधार आहे: विकत घेतलेली संगणकीय आज्ञावली नष्ट होऊ नये एवढ्यापुरती तिची राखीव प्रत काढता येते. पण ती प्रत वाटता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

तेव्हा माळ्यावर असे जुने यंत्र सापडले, तर कॅसेट, वायरी, खोके आणि आतला माहितीचा कागद एकत्र ठेवा. कुठे घेतले, कोणत्या साली, हे चिठ्ठीवर लिहा. आणि त्यात सेल असतील तर आधी काढा. ते गळले, की आतल्या पट्ट्या गंजतात.