मैना तुरुंगांतून कां निघाली नाहीं?

बोलपटांतील प्रेमभंग म्हटला कीं प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढें एकच मूर्ति उभी राहते: हातीं मद्याचा पेला, ओठांवर करुण गाणें आणि शेवटीं मृत्यु. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'देवदास' कादंबरीवर न्यू थिएटर्सनें १९३५ सालीं बोलपट काढला, सैगलांच्या गळ्यानें तो हिंदुस्थानभर पोंचला, आणि पार्वतीच्या दारीं येऊन प्राण सोडणाऱ्या त्या तरुणासाठीं घरोघर आसवें गळलीं. पुण्याच्या प्रभात कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांना मात्र हें मरण रुचलें नाहीं. आयुष्य जगण्यासाठीं आहे, हें सांगण्याकरितां त्यांनीं १९३९ सालीं 'माणूस' काढला. 'आदमी' ही त्याचीच हिंदी आवृत्ति.

एवढी हकीकत जुन्या बोलपटांच्या रसिकांस ठाऊक असते. आम्हांस अधिक विचार करावासा वाटतो तो शेवटच्या प्रसंगाचा. गणपत हा साधा पोलीस शिपाई. वेश्यावस्तींत धाड पडते तेव्हां मैना नांवाच्या तरुणीला तो वांचवितो आणि पुढें तिच्यावर मन जडवून बसतो. ती त्याच्या घरापर्यंत येते. पण त्याच्या भाविक आईपुढें उभें राहतांना तिचा धीर सुटतो, आणि लग्न मागेंच राहतें. पुढें तिच्या हातून दुष्ट मामाचा खून होतो व ती तुरुंगांत पडते. गणपत तिला तेथून सोडविण्याची तयारी दाखवितो, आणि ती नाहीं म्हणते.

कां नाहीं म्हणते? परभणी जिल्ह्यांतील देवगाव फाटा येथें आमच्या घरीं मध्यंतरीं हा बोलपट लावला होता. ज्या सालीं तो निघाला त्या सालीं हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. आतां तो घरबसल्या पडद्यावर पाहतां येतो. तीन पिढ्या एकत्र बसल्या होत्या, आणि या एका प्रश्नावरून रात्रीचीं जेवणें थंड झालीं. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मूर्ख आहे ती! दार उघडतंय तर पळावं." आमच्या आत्याबाई मात्र शांतपणें म्हणाल्या, "अगं, पळून जायचं कुठं? ज्या घरी जायचं, त्या घरच्या देवापुढं तिला उभं राहवलं नाही. दुसरं घर कुठंय तिला?"

आत्याबाईंचें म्हणणें आम्हांस बरेंच पटलें, तरी पुरतें पटलें नाहीं. केवळ लाजेनें मागें राहणारी स्त्री इतक्या निश्चयानें नकार देत नाहीं. या प्रीतीचा आरंभ कोठें झाला तें आठवावें. धाडीच्या रात्रीं गणपतनें तिला वांचविलें, म्हणजे आपल्या कर्तव्यांत पहिली कसूर केली. आतां तो दुसरी कसूर करण्यास सिद्ध झाला आहे, आणि ही पहिलीसारखी झांकली जाणारी नव्हे. कैदी पळवून नेणारा शिपाई दुसऱ्या दिवसापासून स्वतःच फरारी होतो. मैना तें जाणते. तिचें ज्याच्यावर मन बसलें तो सरळ, भाबडा, नोकरीशीं इमान राखणारा मनुष्य होता; तोच नाहींसा झाला तर मोकळी होऊन ती जाणार कोणाकडे?

गणपतच्या मनाचाहि विचार केला पाहिजे. तो तिला सोडवूं पाहतो तें तिच्यासाठीं, असें आपण सहज धरून चालतों. परंतु विरहानें पोळलेला मनुष्य पुष्कळदां स्वतःचेंच दुःख फोडून बाहेर पडूं पाहत असतो, आणि त्याला तो त्याग असें नांव देतो. देवदासानें पेला उचलला, गणपतनें तुरुंगाचें दार उघडूं पाहिलें. दोघांनाहि वेदना असह्य झाली आहे, एवढें मात्र सारखें. फरक इतकाच कीं गणपतला अडविणारी बाई त्याच्याहून शहाणी होती.

भूमिकांची निवडहि येथें फार मार्मिक साधली आहे. शाहू मोडक यांनीं १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्यें बाळकृष्ण साकारला होता, व पुढेंहि कृष्णाच्या भूमिकांसाठींच ते ओळखले गेले. त्यांच्या अंगावर शिपायाचा गणवेश चढवून शांतारामांनीं देवाला माणूस केलें! शांता हुबळीकर यांची मैना तर अनेक भाषांतून गाणें म्हणून गिऱ्हाइकांस रिझविते, आणि त्या गाण्याचा आशय उद्याची फिकीर सोडून देण्याचाच आहे. मास्तर कृष्णरावांची चाल इतकी खेळकर आहे कीं त्यांतली जखम चटकन ध्यानांत येत नाहीं. जिला उद्याच नाहीं, तिनेंच उद्याचा विचार सोडा म्हणावें! तुरुंगांत ती गणपतला नकार देते तेव्हां प्रथमच कोणाच्या तरी उद्याचा विचार करते, आणि तो उद्या तिचा नसतो.

मात्र या शेवटावर आमचा एक आक्षेप आहे, आणि तो आपल्यासारख्या कुटुंबांनीं तरी टाळूं नये. मैना तुरुंगांत गेल्यामुळें सर्वांचीच सोय झाली. गणपतच्या आईला सर्व जाणून तिला सून म्हणून पत्करण्याची कसोटी पडली नाहीं. प्रेक्षकांनाहि डोळे पुसून सुखानें घरीं जातां आलें. त्याच शांतारामांनीं दोन वर्षें आधीं, १९३७ च्या 'कुंकू'मध्यें, वृद्ध काकासाहेबांना आत्महत्या करावयास लावून नीरेला मोकळें केलें होतें. तेथेंहि गांठ समाजानें सोडविली नाहीं, एका जिवानें सोडविली. देवदासाच्या मरणाला उत्तर देऊं पाहणाऱ्या कलावंतालाहि दुसरी वाट सहजीं सांपडली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तेहेतीस वर्षांनीं, १९७२ सालीं, शांतारामांनीं 'पिंजरा' काढला. मूळ प्रेरणा १९३० च्या 'ब्लू एंजल' या जर्मन बोलपटाची. त्यांतला प्राध्यापक अपमानानें खचून आपल्या जुन्या वर्गांतील मेजाला कवटाळून मरतो. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर मात्र स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखालीं फांशी पत्करतात, कारण खरें बोललें तर गांवानें मनांत बसविलेले 'गुरुजी' मरतील. सुटकेचें दार आंतून लावून घेणें मैनेनें आधींच करून दाखविलें होतें. पण तिनें राखलें तें एका जिवंत माणसाचें आयुष्य, आणि मास्तरांनीं राखली ती एक प्रतिमा. आत्याबाईंना यांतली मैनाच थोर वाटते. धाकट्या सूनबाई अजूनहि म्हणतात, तिनें पळायला हवें होतें.

शांता हुबळीकरांनीं पुढें आत्मचरित्र लिहिलें, तेव्हां त्याला नांव दिलें तें मैनेच्या त्याच गाण्याचें.