नोंदीतच चालणारा कोड
साध्या मजकुराची ताकद : लेखांक ६

मार्कडाउनच्या फाइलमध्ये कोड कसा मांडायचा ते मागच्या लेखात पाहिलं. वर-खाली तीन-तीन बॅकटिक द्यायचे आणि पहिल्या ओळीत भाषेचं नाव लिहायचं. असा कोड दिसतो नीटस, पण चालत नाही. उत्तर हवं असेल तर तो टर्मिनलमध्ये नेऊन चालवा आणि आलेलं उत्तर परत नोंदीत चिकटवा. पुढे कधीतरी कोड बदलतो, चिकटवलेलं उत्तर मात्र जुनंच राहतं. काही महिन्यांनी नोंद उघडली की कशावर विश्वास ठेवायचा, तेच कळेनासं होतं.

स्पष्टीकरण आणि प्रोग्रॅम एकाच जागी नांदावेत, हा विचार डोनाल्ड नुथ यांनी १९८४ साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या लेखात मांडला होता. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं ते वेबसाठी लिहिणं सोपं व्हावं म्हणून. कोड चालवण्याची सोय त्यात नव्हती. ती पुढे इतर साधनांनी पुरवली. व्हीएस कोडमधलं ‘मार्कडाउन प्रिव्ह्यू एन्हान्स्ड’ हे एक्स्टेन्शन त्यांपैकीच एक.

ते वापरून चक्रवाढ व्याजाची नोंद करून पाहू. बॅकटिकच्या पहिल्या ओळीत ‘पायथन’नंतर महिरपी कंसात ‘सीएमडी=ट्रू’ असं (अर्थात रोमन लिपीत) लिहा. खाली मुद्दल एक लाख, दर ८ आणि मुदत ५ अशी तीन चलं घ्या. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीतही चालतात, आकडे मात्र इंग्रजी अंकांतच हवेत. मग सूत्र लिहा आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत छापायला सांगा. प्रिव्ह्यू उघडा, कर्सर कोडमध्ये ठेवा आणि शिफ्ट-एंटर दाबा. कोडखाली १४६९३२.८१ उमटेल. दर ७.५ करून पुन्हा चालवा, तिथेच १४३५६२.९३ येईल. वर सूत्राचं स्पष्टीकरण, मध्ये कोड, खाली ताजं उत्तर.

पायथन आधी संगणकावर असायला हवं. एक्स्टेन्शन फक्त त्याला हाक मारतं. काही संगणकांवर ते ‘पायथन३’ या नावानेच सापडतं. तिथे ‘ट्रू’ऐवजी अवतरणचिन्हांत तेच नाव द्यायचं.

नवशिक्यांची गाडी अडते ती कोडच्या दुसऱ्या तुकड्यापाशी. पहिल्या तुकड्यातली ‘मुद्दल’ दुसऱ्यात वापरली की पायथन म्हणतं, हे नाव मला माहीत नाही. कारण इथे प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालतो. मागचं पुढे न्यायचं असेल तर दुसऱ्या तुकड्याच्या कंसात ‘कंटिन्यू’ असं लिहावं लागतं. हे जाचक वाटलं तरी फायद्याचं आहे. ज्युपिटर नोटबुक या दुसऱ्या साधनात एखादा सेल (म्हणजे कोडचा तुकडा) पुसून टाकला, तरी त्यातलं मूल्य स्मरणात राहतं आणि पुढचे सेल त्याच्या जोरावर बिनबोभाट चालतात. घोटाळा कळतो तो नोटबुक नव्याने सुरू केल्यावर. इथे जे फाइलमध्ये लिहिलंय तेच चालतं. लिहिलेलं आणि चाललेलं यांत फरक उरत नाही, म्हणून मला अभ्यासाच्या नोंदींसाठी ही पद्धत अधिक भरवशाची वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचं. सुरुवातीला कोड चालवण्याची ही सोय बंद असते. सेटिंग्जमध्ये ‘एनेबल स्क्रिप्ट एक्झिक्यूशन’ आपणहून चालू करावं लागतं. ही खबरदारी योग्यच आहे. चालणारा कोड तुमच्या अधिकाराने चालतो. तुम्ही जी फाइल पुसू शकता, ती तोही पुसू शकतो. दुसऱ्याकडून आलेली मार्कडाउन फाइल निरुपद्रवी मजकूर वाटते, पण ही सोय चालू असेल तेव्हा ती प्रोग्रॅमइतकीच जपून हाताळावी. अनोळखी फाइल उघडण्याआधी हे सेटिंग बंद करा, कोड ओळ न् ओळ वाचा आणि मगच ठरवा.

या आठवड्याचा स्वाध्याय : स्वतःच्या जुन्या नोंदींमधली एक निवडा, तिच्यातलं हाताने चिकटवलेलं उत्तर काढून टाका आणि कोड जागेवरच चालवून पाहा. उत्तर तेच आलं तर नोंद पक्की. वेगळं आलं तर कुठे आणि का बदललं, ते तिच्यातच लिहून ठेवा.

पुढच्या लेखात : याच नोंदीत आलेख कसे काढायचे.