परवान्याचं पिस्तूल कमरेला असलं की गुन्हे कमी होतात? कायदा आणि आकडे काय सांगतात

नागपूर (ग्रामीण प्रतिनिधी) : बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि मारहाण करून त्यांचा खून करण्यात आला. अशी घटना घडली की एक प्रश्न हमखास निघतो. सरपंचाजवळ, रात्री वावरात जागली करणाऱ्याजवळ, बाजारातून पैसे घेऊन येणाऱ्याजवळ परवान्याचं पिस्तूल असतं, तर गुंडांची हिंमत झाली असती का?

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच बीडचा दुसरा आकडा पाहा. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्यावेळी मांडलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यात १,२२२ शस्त्र परवाने होते. परभणीत होते ३२ आणि आपल्या शेजारच्या अमरावती ग्रामीणमध्ये २४३. म्हणजे बीडमध्ये बंदुकांचा दुष्काळ नव्हता. इतक्या बंदुका असूनही दहशत कमी झाली नव्हती. उलट पिस्तूल मिरवणाऱ्यांचे आणि हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ गावोगाव फिरले. शेवटी प्रशासनाला फेरतपासणी करून शंभरावर परवाने रद्द करावे लागले.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे बंदूक बाळगणं हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण तालुक्यांसाठी जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण पाहिजे, पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो आणि स्वसंरक्षणासाठी मागत असाल तर जिवाला खरोखर धोका आहे हे दाखवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालत होत्या.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नेताना शस्त्र म्यानात आणि पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. शर्ट वर करून पिस्तूल दिसेल असा फोटो स्टेटसला टाकणारा परवानाधारक हा नियमच मोडतो. लग्नात, वरातीत बेपर्वाईने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अमेरिकेत काय झालं

बंदूक झाकून जवळ बाळगायची सूट दिली तर गुन्हे घटतात का, यावर सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेत झाला. १९९७ साली जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अभ्यासकांनी मांडलं की सूट दिलेल्या राज्यांत गंभीर गुन्हे कमी झाले. तर्क सोपा होता. कोणाच्या कमरेला काय आहे हे चोराला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच भितो.

नंतर तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती बसवली. २००४ मध्ये समितीने सांगितलं की, या सुटीने गुन्हे घटले किंवा वाढले, दोन्ही म्हणायला पुरावा पुरेसा नाही. एका सदस्याने तेवढं खुनांच्या बाबतीत वेगळं मत नोंदवलं. २०१९ मध्ये जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी जास्त वर्षांची आकडेवारी घेतली. त्यांना दिसलं की सूट दिल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, एरवी असते त्यापेक्षा, १३ ते १५ टक्के जास्त होते. बंदुका गाड्यांतून आणि घरांतून चोरीला जाऊन गुंडांच्याच हाती पडतात, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं.

इतकी वर्षं वाद का चालला? ज्याच्या वावरात डुकरं जास्त, त्याच्याकडे झटका मशीन असते. म्हणून मशीनमुळे डुकरं आली असं कोणी म्हणत नाही. तसंच जिथे गुन्हे जास्त तिथे लोक बंदुका घेतात. आधी काय आणि मागून काय, हे नुसती बेरीज करून कळत नाही. आपल्याकडेही तेच. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीप्रमाणे २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजारांवर परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात साधारण ८४ हजार. एवढ्या बंदुकांनी उत्तर प्रदेशातली गुंडगिरी संपली असा दावा तिथलेही लोक करणार नाहीत, पण बंदुकांमुळेच ती वाढली असंही या आकड्यावरून ठरवता येत नाही.

एकाच वर्षातल्या तीन घटना

आकडे बाजूला ठेवून २०२४ चं वर्ष आठवा. २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सीसीटीव्हीत सगळं दिसलं. मुळात वाद जमिनीचा होता. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह सुरू असताना मारलं. मारेकऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. आणि १ ऑक्टोबरला पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्याच पायात घुसली.

यातलं उल्हासनगरचं उदाहरण गावाला जवळचं आहे. आपल्याकडची मारामारी बहुतेक धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून, दारूच्या नशेत नाहीतर निवडणुकीच्या रागातून होते. तिथे काठी असली तर टाके पडतात आणि भाऊबंद पुढच्या वर्षी पुन्हा एका पंगतीत बसतात. कमरेला पिस्तूल असतं तर?

हल्लेखोराकडून पाहिलं तरी हिशेब फारसा बदलत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरचे तेव्हाचे महापौर संदीप जोशी यांच्या गाडीवर मोटारसायकलने आलेल्यांनी रात्री गोळ्या झाडल्या. ते वाचले. असा हल्ला काही सेकंदांत उरकतो, गाडी चालवणाऱ्या माणसाला पिस्तूल काढायला वेळ कुठे मिळतो?

मोटरपंप चोरावर गोळी चालवता येते का

नाही. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, अशी मुभा ठरावीक प्रसंगीच मिळते. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला आग लावणं, किंवा जीव जाईल अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी. विहिरीवरचा पंप, केबल किंवा संत्री घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर खुनाचा गुन्हा शेतकऱ्यावर लागेल. परवाना असला तरी.

आणि ज्या बंदुकांनी खून होतात, त्यातल्या बहुतेक परवान्याच्या नसतातच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून हे वर्षानुवर्षं दिसतं. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी ही गावं देशी कट्ट्यांसाठी पोलिसांच्या कारवायांत वारंवार येतात. नागपूर जिल्ह्याची सीमा त्याच राज्याला लागून आहे. परवाने वाढवले काय किंवा कमी केले काय, त्या कट्ट्याला फरक पडत नाही. विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन वर्षं शिक्षा आहे. कोणी ‘ठेवून दे, लागली तर परत घेतो’ म्हणून कट्टा आणून दिला, तर शिक्षा ठेवणाऱ्यालाही होते.

शेतीसाठीची बंदूक

पीक राखण्यासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर किंवा रोही मारायला वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

काही घरांत आजोबांच्या नावाची जुनी बंदूक अजून आढ्याला टांगलेली असते. परवानाधारक वारला की ती घरात ठेवणं बेकायदा होतं. वारसांनी ती विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. स्वतःच्या नावाने परवाना हवा असेल तर त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो.