लॅपटॉपला ताप आलाय? आधी गादीवरून उचला!

सबमिशनची आदली रात्र. वेळ दीडची. डॉक्युमेंटरीचं एडिटिंग संपलेलं, फायनल रेंडर ७० टक्क्यांवर. लॅपटॉपच्या फॅनचा आवाज इतका वाढला, की रूममेट झोपेतूनच ओरडला, "अरे, विमान उडवतोयस का?" आणि पुढच्या क्षणी स्क्रीन काळी! कीबोर्डला हात लावला, तर चटकाच बसला.

'एडिटिंगला लागतो' असं बाबांना पटवून घेतलेला हा गेमिंग लॅपटॉप. (एडिटिंग करतोच, पण खरं सांगू? व्हॅलोरंट जास्त!) अजून सात हप्ते बाकी. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला, तर काउंटरवरच्या दादांनी न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला असणार. बारा हजार धरून चाल." बाबांना कुठल्या तोंडाने फोन करायचा?

वाचवलं ते हॉस्टेलमधल्या इंजिनीअरिंगच्या सिनियरने. "सुरू होतोय ना? तापल्यावरच बंद पडतोय ना? मग लगेच मदरबोर्ड कशाला? ठेवतोस कुठे?" मी म्हटलं, "गादीवर." त्याने कपाळावर हात मारला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. आत फॅनच्या तोंडाशी धुळीची चक्क गोधडी तयार झाली होती!

गणित साधं आहे. बहुतेक गेमिंग लॅपटॉप खालून थंड हवा ओढतात आणि मागून किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकतात. गादीने आत यायचा रस्ता बंद, धुळीने बाहेर जायचा. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला, की तो स्वतःच वेग कमी करतो. याला म्हणतात थर्मल थ्रॉटलिंग. म्हणूनच सुरुवातीला मख्खन चालणारा गेम थोड्या वेळाने अडखळायला लागतो. तरीही ताप उतरला नाही, तर लॅपटॉप जीव वाचवायला बंद होतो.

मग करायचं काय?

आधी मोजा : 'एचडब्ल्यूइन्फो'सारखं फुकट सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. गेम खेळताना ८०-९० अंश चालतात. सतत ९५च्या वर असेल, तर हालचाल करा.

जागा बदला : टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला. दोन वह्या पुरतात, फक्त खालची जाळी झाकू नका.

सेटिंग बदला : गेमचा एफपीएस ६०वर लॉक करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १००वरून ९९ करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये यामुळे टर्बो बूस्ट बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण तापमान चांगलंच उतरतं.

धूळ काढा : लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला. हवा मारताना फॅन काडीने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. वॉरंटी असेल, तर उघडायच्या आधी अटी वाचा. लॅपटॉप जुना असेल, तर वाळलेली थर्मल पेस्टही जाणकाराकडून बदलून घ्या.

इथे मात्र थांबा : टचपॅड वर आलाय किंवा खालचं कव्हर फुगलंय? म्हणजे बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग बंद, वापर बंद, दाबायचं-टोचायचं नाही. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

आणि हो, खोली दहा अंशांनी तापली, की आतली चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. त्यामुळे मे महिन्यात अकोल्याला घरी गेलो, की दुपारचं गेमिंग बंद!

माझं काम थर्मल पेस्टची एक ट्यूब आणि सिनियरला मिसळपाव एवढ्यावर भागलं. सबमिशन मात्र एक दिवस उशिरा झालं, मार्क कापले गेलेच. शेवटी बाबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "एअर फिल्टर तुंबला की आपली स्कूटरपण अशीच दम टाकते. म्हणून कोणी इंजिन बदलतं का?"