हेडसेटमधला धडा किती उतरतो डोक्यात?

गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचं एक घडीचं खोकं आणलं. त्यात दोन भिंगं, मागे स्मार्टफोन, की झालं! ‘कार्डबोर्ड’ ही कंपनीच्या पॅरिसमधल्या दोन इंजिनिअरांची कल्पना. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यातून मेंदू खोली ओळखतो. मान वळली की फोनमधल्या सेन्सरमुळे दृश्यही वळतं. याच खोक्यावर शाळांसाठी ‘एक्स्पिडिशन्स’ उभं राहिलं. सरांच्या हाती टॅब्लेट आणि अख्खा वर्ग एकदम माचू पिचूत. २०२१ मध्ये ते बंद झालं.

मुलं यात रमतात, हे नक्की. पण शिकतात का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या जॉसलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. शरीरातली सफर काही विद्यार्थ्यांनी हेडसेट घालून केली, बाकीच्यांनी तोच धडा संगणकावर साध्या स्लाइडमधून वाचला. उत्साह हेडसेटवाल्यांचा जास्त, गुण मात्र स्लाइडवाल्यांचे. मग त्यांनी सफरीचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यानंतर विद्यार्थ्यांना सारांश लिहायला लावला. सलग सफर करणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांना धडा जास्त समजला. शिक्षकांच्या कामाची गोष्ट हीच: थांबायचं कुठे, हे आधी ठरवायला हवं.

स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन निवडीची कसोटी सांगतात: जे प्रत्यक्षात धोक्याचं, अशक्य, नुकसानकारक किंवा फार खर्चिक असेल, त्यासाठीच व्हीआर (आभासी वास्तव) वापरावं. त्यांच्या प्रयोगशाळेने आम्लधर्मी होत चाललेल्या समुद्राचा तळ विद्यार्थ्यांना असाच दाखवला.